टीव्ही बदलायचा कधी?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं आवरून.)



आधीच्या वक्त्यांनी पाण्याची टाकी, लिफ्ट आणि पुनर्विकास असे भारदस्त विषय घेतले. माझ्या वाट्याला टीव्ही आला. तक्रार नाही, कारण माझा सगळा जन्म टीव्हीच्या पाठीमागे गेला. तुम्ही पुढून बघत होता, मी मागचं झाकण उघडून बघत होतो. आता दुकान बंद केलं असलं तरी लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजी घेताना एक प्रश्न मला हमखास विचारला जातो, “काका, आमचा टीव्ही जुना झालाय. बदलू का अजून चालवू?” या प्रश्नाचं उत्तर तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट जाईस्तोवर देता येत नाही. म्हणून आज सगळ्यांना एकदमच देतो.

पूर्वी हा प्रश्न नव्हताच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्यात चित्र दिसू लागलं. तेव्हा टीव्ही म्हणजे लाकडी पेटी, सरकती दारं, आणि परवान्याचे पैसे पोस्टात भरायचे. वेस्टन, क्राऊन, डायनोरा, टेलिव्हिस्टा ही नावं इथल्या ज्येष्ठांना आठवत असतील. चाळीत एकाकडे टीव्ही असायचा आणि ‘छायागीत’ला, ‘गजरा’ला सगळा मजला त्या खोलीत. असा टीव्ही कोणी बदलत नसे. तो बिघडला की दुरुस्त करायचा, पुन्हा बिघडला की पुन्हा दुरुस्त करायचा. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी रंग आले, तेव्हा पहिल्यांदा लोकांना चालू टीव्ही ‘जुना’ वाटायला लागला. तिथून हा प्रश्न सुरू झाला, तो अजून संपलेला नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा प्रत्येक घरात २१ इंची डबा होता. काहींकडे २९ इंची. तो वर चढवायला चार माणसं लागायची आणि लिफ्ट तेव्हा सुरू झाली नव्हती, हेही आठवत असेल. आज बहुतेक घरांत भिंतीवर सपाट टीव्ही आहे. पण माझ्या माहितीत अजूनही आपल्या तिन्ही इमारतींत मिळून पाच-सहा डबे चालू आहेत, आणि छान चालू आहेत. त्यांच्या मालकांनी मान खाली घालायचं काही कारण नाही.

आता मुद्द्याकडे. ‘जुना’ हा शब्द आपण तीन वेगळ्या अर्थांनी वापरतो आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. एक, टीव्ही बिघडलाय. दोन, टीव्ही चांगला आहे पण काळाच्या मागे पडलाय. तीन, टीव्ही चांगलाही आहे आणि चालतोयही, पण आपल्याला त्याचा कंटाळा आलाय. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

पहिल्यांदा बिघाड. सपाट टीव्हीच्या आत मोजून चार-पाच गोष्टी असतात. वीज देणारं कार्ड, मुख्य कार्ड, पडद्याला हुकूम देणारं एक लहान कार्ड, पडद्यामागे उजेड देणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या आणि खुद्द पडदा, म्हणजे पॅनेल. यातलं पॅनेल सोडून बाकी सगळं दुरुस्त होतं किंवा बदलता येतं, आणि बहुतेक वेळा परवडतं. पॅनेल मात्र महाग. ते बदलायचं म्हणजे नव्या टीव्हीच्या निम्म्याहून जास्त किंमत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वॉरंटी नसेल तर पॅनेल गेलं की टीव्ही गेला असं समजावं.

मग पॅनेल गेलं की दुसरं काही, हे घरी कसं ओळखायचं? आवाज येतोय पण चित्र नाही, पडदा काळा, अशी तक्रार सगळ्यात जास्त असते. रात्री खोलीतले दिवे घालवा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाईलची बॅटरी पडद्याच्या अगदी जवळ तिरकी धरून बघा. माणसं अंधुक हलताना दिसली, तर पॅनेल जिवंत आहे, फक्त मागचा उजेड गेलाय. पट्ट्या बदलून मिळतात. हा टीव्ही भंगारात देऊ नका. पडद्यावर उभ्या रंगीत रेघा आल्या, किंवा अर्धा पडदा वेगळाच दिसायला लागला, तर बहुतेक वेळा दोष पॅनेलचा. मार बसून आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी तडा गेली असेल तर मग विचारायलाच नको. टीव्ही चालूच होत नाही, लाल दिवा नुसता लुकलुकतो, तर बहुधा वीज देणाऱ्या कार्डावर कपॅसिटर फुगलेला असतो. हे काम लहान आहे. पण ते बघायला झाकण तुम्ही उघडू नका.

जुन्या डब्याचं थोडं वेगळं. पडद्याच्या मधोमध एकच आडवी पांढरी रेघ आली तर घाबरू नका, ते किरकोळ असतं. कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग पडला तर शेजारी स्पीकर ठेवलाय का ते बघा, लोहचुंबकाने तसं होतं. पण टीव्ही लावल्यावर चित्र उजळायला पाच-दहा मिनिटं लागत असतील आणि उजळल्यावरही ते मळकं दिसत असेल, तर पिक्चर ट्यूब थकली. नवी ट्यूब आता बाजारात येत नाही. तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या आसपास शोधलीत तर दुसऱ्या कुणाच्या सेटमधून काढलेली मिळेल, म्हणजे एका म्हाताऱ्याला दुसऱ्या म्हाताऱ्याचा आधार. तिथे थांबावं.

माझा स्वतःचा हिशोब मी सांगतो. टीव्ही पाच वर्षांच्या आतला असेल आणि पॅनेल ठीक असेल, तर दुरुस्त करा. सात-आठ वर्षांच्या पुढचा असेल आणि दुरुस्तीचा खर्च तेवढ्याच आकाराच्या नव्या टीव्हीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जात असेल, तर सोडून द्या. आणि एकाच वर्षात तिसऱ्यांदा माणूस बोलवावा लागला, तर हिशोबही करू नका.

एका बाबतीत मात्र पैशांचा हिशोब करायचाच नाही. जळका वास येतोय, आतून तडतड आवाज येतोय, टीव्हीला हात लावला की झिणझिण्या येताहेत, तर त्या क्षणी भिंतीवरचं बटण बंद करा, पिन काढा आणि तपासल्याशिवाय पुन्हा लावू नका. दुसरं, घरात रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल आहे आणि २९ इंची डबा अरुंद टेबलावर किंवा ड्रॉवरच्या कपाटावर ठेवलाय. त्या डब्याचं वजन चाळीस किलोच्या वर असतं आणि सगळं वजन पुढच्या काचेकडे असतं. मूल ड्रॉवर उघडून त्यावर पाय देतं. पुढचं मी बोलत नाही. अशा घरात टीव्ही कितीही छान चालत असला तरी तो आधी तिथून हलवा, आणि हलवायला जागा नसेल तर बदला. सपाट टीव्हीही नुसता पायांवर उभा ठेवू नका, भिंतीला पट्ट्याने बांधा.

आता दुसरा प्रकार, मागे पडलेला टीव्ही. टीव्ही चालतो, पण जग पुढे गेलं. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर आणि पुणे, नाशिक, नागपूरसारख्या शहरांत ३१ मार्च २०१३ नंतर केबलला सेट टॉप बॉक्स लागायला लागला. तेव्हा कितीतरी जणांनी मला विचारलं होतं, “आता डबा टाकावा लागणार का?” नाही लागला. बॉक्सच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या वायरी डब्याला जोडल्या आणि काम झालं. आजही तेच आहे. आजचा प्रश्न असा असतो, “आमचा टीव्ही स्मार्ट नाही,” किंवा, “स्मार्ट आहे पण त्यात आता अमुक ॲप चालत नाही.” यासाठी टीव्ही बदलायची गरज नाही. टीव्हीच्या मागे एचडीएमआयचं भोक आहे का बघा. असेल तर तीन-पाच हजारांच्या आसपास एक स्टिक किंवा छोटा बॉक्स मिळतो, तो लावला की दहा वर्षांपूर्वीचा टीव्हीसुद्धा स्मार्ट होतो. स्मार्ट टीव्हीतला पडदा बारा वर्षं टिकू शकतो, पण त्यातलं सॉफ्टवेअर त्याआधीच म्हातारं होतं, कारण कंपनी काही वर्षांनी त्याकडे बघणं सोडते. म्हणून नवा घेतानाही हे लक्षात ठेवा. पडद्यासाठी पैसे मोजा, ॲपसाठी मोजू नका. ॲप उद्या स्टिकमधून येईल.

तिसरा प्रकार कंटाळ्याचा. इथे मी काही शहाणपण शिकवणार नाही. हौसेला मोल नसतं. वर्ल्ड कपची फायनल मोठ्या पडद्यावर बघायची आहे, पाहुण्यांसमोर हॉल चांगला दिसायला हवा आहे, तर जरूर घ्या. फक्त हौसेला हिशोबाचे कपडे घालू नका. सगळ्यात जास्त ऐकलेलं कारण म्हणजे, “नवा घेतला की वीज वाचते.” चला, पाटी-पेन्सिल घेऊ.

२१ इंची डबा साधारण ९० वॅट घेतो. रोज पाच तास लावला तर महिन्याला साडेतेरा युनिट. ३२ इंची एलईडी ४५ वॅट धरा, पावणेसात युनिट. वाचले पावणेसात युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला सदुसष्ट रुपये, वर्षाला आठशे. टीव्ही बारा हजारांना आणलात, तर विजेतून पैसे वसूल व्हायला पंधरा वर्षं. तोवर तो नवा टीव्हीच जुना झालेला असेल. आणि बहुतेक जण ३२ वर थांबत नाहीत. ५५ इंची टीव्ही १३० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे साडेएकोणीस युनिट. नवा टीव्ही आणून बिल वाढलं!

त्याउलट एक फुकटचा उपाय सांगतो. सेट टॉप बॉक्स आपण रिमोटने बंद करतो, पण कित्येक बॉक्स बंद दिसतात तेव्हाही जवळजवळ चालू असल्याइतकीच वीज घेतात. हात लावून बघा, कोमट लागतो. दहा वॅट धरले तरी दिवसाचे उरलेले एकोणीस तास, महिन्याचे पावणेसहा युनिट जातात. टीव्ही बदलून जेवढी वीज वाचते, जवळपास तेवढी भिंतीवरचं बटण बंद करून वाचते. बटणाला बारा हजार लागत नाहीत.

आता समजा नवा घ्यायचं ठरलं. मग किती इंची? इथे एक गंमत आहे. जुना डबा चौकोनी होता, चारास तीन. नवे टीव्ही लांबट आहेत, सोळास नऊ. इंच मोजतात ते कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. त्यामुळे २९ इंची डबा देऊन ३२ इंची सपाट टीव्ही आणला, तर पडद्याची उंची जवळजवळ तेवढीच राहते, सोळा इंच. माणसं तेवढीच दिसतात, फक्त बाजूला जागा वाढते. मग घरचे म्हणतात, “एवढे पैसे घातले आणि चित्र लहानच!” २९ वाल्यांनी म्हणून निदान ४३ बघावा. आणि जुन्या मालिका, जुने सिनेमे लावले की सगळी मंडळी जाड दिसतात, त्याचं कारण टीव्ही चौकोनी चित्र ओढून लांबट करतो. रिमोटमध्ये चित्राच्या आकाराची सेटिंग असते, ती चार-तीन करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, पण नटी पुन्हा सडपातळ होईल.

दुकानदार ‘फोर-के’ म्हणून सांगतो. फुल एचडीमध्ये पडद्यावर वीस लाखांच्या वर ठिपके असतात, फोर-केमध्ये त्र्याऐंशी लाखांच्या आसपास. आकडा मोठा आहे, पण डोळा आपलाच आहे. ४३ इंची पडद्यावर फुल एचडीचे ठिपकेच साडेपाच फुटांच्या पलीकडून निरोगी डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. आपल्या हॉलमध्ये सोफा भिंतीपासून नऊ-दहा फुटांवर आहे. म्हणजे त्या आकारात तिथून दोन्हींतला फरक कळणार नाही. शिवाय आपण बघतो त्यातली कितीतरी चॅनेल्स साधी, म्हणजे एचडीसुद्धा नसलेली. ती मोठ्या फोर-के टीव्हीवर उलट जास्त धुरकट दिसतात. आज मोठ्या आकारात बहुतेक टीव्ही फोर-केच येतात, त्यामुळे घ्यायला हरकत नाही. पण घरातला चांगला फुल एचडी टीव्ही केवळ त्यासाठी काढून टाकू नका.

दुकानातलं चित्र बघून भुलू नका. तिथे उजेड आणि रंग पूर्ण चढवून ठेवलेले असतात. घरी आणल्यावर ती भडक सेटिंग बदलून साधी घरगुती ठेवा आणि मागचा उजेड शंभरावरून साठ-सत्तरवर आणा. डोळ्यांना बरं, बिलाला बरं, आणि त्या पट्ट्या जास्त वर्षं टिकतात. घरातला सध्याचा टीव्हीसुद्धा आजच जाऊन असा करा, बदलण्याची वेळच पुढे जाईल. मे महिन्यात वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की फक्त प्लग काढून भागत नाही. गच्चीवरून आलेली डिशची किंवा केबलची वायरही काढा. वीज त्या वाटेने बॉक्समध्ये आणि तिथून टीव्हीत शिरते. दर पावसाळ्याच्या तोंडाशी अशी दोन-चार मुख्य कार्डं माझ्याकडे यायचीच.

आता मला जे खरं बोलायचंय ते. टीव्ही बदलायचा की नाही हे ठरवताना आपण इंच बघतो, किंमत बघतो, पण तो टीव्ही दिवसभर बघतं कोण, हे बघत नाही. आपल्या सोसायटीत आज ज्येष्ठ मंडळी जास्त आहेत. मुलं बंगळूरला, अमेरिकेत, नाहीतर हिंजवडीत सकाळी आठ ते रात्री नऊ. टीव्ही ठरवतात मुलं आणि तो बघतात आई-वडील.

आपल्याच एका इमारतीतल्या आजी. नाव घेत नाही. यजमान गेल्यावर एकट्या असतात. संध्याकाळी सातला दिवा लावायचा, मग एकामागून एक मालिका, मधे वरण-भात, असा त्यांचा क्रम. मुलाने परदेशातून आईसाठी ५५ इंची स्मार्ट टीव्ही पाठवला. अतिशय प्रेमाने पाठवला, आणि जुना घेऊन जायला सांगितलं. नवा लावला की पडद्यावर पन्नास चौकोन यायचे. त्यातून मालिकेपर्यंत जायला एक रिमोट, बॉक्सला दुसरा. चुकून भलतं बटण दाबलं की टीव्ही ‘सिग्नल नाही’ म्हणायचा. मग शेजारच्या मुलाला हाक. एकदा, दोनदा, दहादा. पुढे त्यांनाच संकोच वाटायला लागला. दोन महिन्यांनी मी सहज गेलो तर टीव्हीवर क्रोशाचं झाकण आणि आजी अंधारात खिडकीशी बसलेल्या. म्हणाल्या, “राहू दे रे, कशाला सारखं लोकांना त्रास.” मुलाला मात्र फोनवर सांगायच्या, टीव्ही फार छान आहे.

त्या टीव्हीत काही बिघाड नव्हता. मी एवढंच केलं. सेटिंगमध्ये जाऊन टीव्ही चालू झाल्यावर थेट सेट टॉप बॉक्सच दिसेल असं करून दिलं. बऱ्याच स्मार्ट टीव्हींत ती सोय असते, पण जोडायला आलेला माणूस ती करून देत नाही. बॉक्सच्या रिमोटला टीव्हीचं चालू-बंद बटण शिकवता येतं, तेही शिकवलं. टीव्हीचा रिमोट कपाटात ठेवला. बॉक्सच्या रिमोटवर चालू-बंद, आवाज आणि चॅनेल एवढीच बटणं उघडी ठेवून बाकीच्यांवर चिकटपट्टी लावली. अर्ध्या तासाचं काम. आजी पुन्हा मालिका बघतात, आणि परवा मला एका सुनेच्या वागण्याबद्दल पंधरा मिनिटं रागाने सांगत होत्या. ती मालिकेतली सून होती, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

दुसरं घर. काका म्हणायचे टीव्ही अंधुक झालाय, रंग पिवळे दिसतात. मुलगा टीव्ही बदलायला निघाला होता. मी पाहिलं तर चित्र स्वच्छ. नातवाला विचारलं, त्यालाही स्वच्छ. मग काकांना म्हटलं, खिडकीतून समोरच्या इमारतीचा नवा पांढरा रंग बघा. तोही त्यांना पिवळसर दिसला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, टीव्ही तोच आहे. म्हणून माझी विनंती आहे, घरातलं वडीलधारं माणूस “टीव्ही नीट दिसत नाही” म्हणालं, तर आधी दुसऱ्या कोणाला तो नीट दिसतो का ते बघा. “बोललेलं कळत नाही” म्हणालं तर दोन गोष्टी असू शकतात. एक कानाची. दुसरी खरोखर टीव्हीची, कारण जुन्या डब्याचे स्पीकर पुढे होते आणि सपाट टीव्हीचे लहान स्पीकर खाली किंवा मागे भिंतीकडे असतात. तेव्हा एखादा साधा साऊंडबार टीव्ही बदलण्यापेक्षा जास्त काम करतो.

याचा अर्थ ज्येष्ठांसाठी नवा घेऊच नये असा नाही. नजर कमी झालेल्या माणसाला २१ वरून ४३ इंची म्हणजे चैन नाही, ती गरज आहे. बातम्यांच्या पट्ट्या वाचता येतात, क्रिकेटचा स्कोअर दिसतो, माणूस जगाशी जोडलेला राहतो. फक्त घेताना त्यांना दुकानात बरोबर न्या, रिमोट त्यांच्या हातात द्या, आणि आणल्यावर एक रविवार त्यांच्याशेजारी बसा. नव्या टीव्हीची किंमत त्या रविवारासकट धरावी.

“पुनर्विकास झाला की घेऊ” असं म्हणणारे इथे बरेच आहेत. त्यांना एवढंच सांगतो, आपल्या पुनर्विकासाची गती तुम्ही जाणता. टीव्ही बिघडला असेल तर त्यासाठी आईला दोन वर्षं गप्प बसवू नका, सपाट टीव्ही कुठेही नेता येतो. पण चालत असेल तर खुशाल थांबा. किंमतीही हळूहळू उतरतच आल्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. दसरा-दिवाळीची सूट दर वर्षी येते, ती काही शेवटची नसते. घेताना पॅनेलची वॉरंटी किती वर्षांची ते लेखी बघा, पावती जपून ठेवा. कंपनी दाद देत नसेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

शेवटचा विषय सचिवांनी आवर्जून घ्यायला सांगितलाय. जुना टीव्ही जिन्याच्या वळणावर ठेवायचा नाही! तो चढता-उतरता लागतो, आणि तो कचरा साधा नाही. डब्याच्या काचेत शिसं असतं. भंगारात गेला की तांब्याच्या गुंडाळीसाठी ट्यूबची मान फोडतात आणि उरलेली काच कुठेतरी ओढ्याकाठी पडते. ट्यूबला चालू असताना वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही त्यात भार राहू शकतो, तेव्हा मुलांनी तो उघडायचा प्रयोग करू नये. २०१० च्या आसपासपर्यंतच्या बऱ्याच सपाट टीव्हींत मागच्या उजेडासाठी पाऱ्याच्या बारीक नळ्या असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार तो नीट मार्गी लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवा घेताना दुकानात एक्स्चेंजला द्या, किंवा नोंदणीकृत ई-कचरावाल्याला द्या. आणि चालू स्थितीतला असेल तर आधी आपल्या वॉचमनला, कामाला येणाऱ्या मावशींना विचारा. डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. तुमचा ‘जुना’ एखाद्या घरात अजून पाच वर्षं ‘नवा’ असतो. देताना मात्र तो चालतो ना, हे तपासून द्या. बिघडलेला देणं म्हणजे दान नव्हे, ती आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात ठेवणं झालं.

कार्यकारिणीला माझी एक सूचना आहे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईच्या आधी, ई-कचऱ्याची गाडी आपल्या आवारात बोलवावी. त्या दिवशी सकाळी मी खाली टेबल टाकून बसेन. टीव्ही द्यायच्या आधी मला दाखवा. दुरुस्त होण्यासारखा असेल तर तसं सांगेन, नसेल तर गाडीत चढवू. फी नाही, चहा चालेल.